परवानगी नसलेला भूगोल

मी भूगोल शिकवतो. पंचवीसेक वर्षं होत आली. पहिल्या वर्षी जो भूगोल मी शिकवला, तो विद्यापीठाच्या दप्तरात कुठेही नाही. अकरा जण तो शिकले, मी शिकवला, फळ्यावर खडू झिजला, आणि तरी तो विषय त्या वर्षी आमच्या कॉलेजात शिकवला गेला नाही, असंच आजही कोणी कागद काढून पाहिला तर दिसेल. यात माझा हात किती होता ते मी तुकड्यातुकड्यानं काही जणांना सांगितलं आहे. सगळं एकत्र लिहून काढायचं धाडस आजवर झालं नाही.

आमचं कॉलेज घाटंजीच्या पलीकडच्या एका गावात, बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरत असे. गोदामाला विटांच्या आडभिंती घालून सहा खोल्या केल्या होत्या. भिंती वरपर्यंत नव्हत्या, त्यामुळे शेजारच्या वर्गातलं राज्यशास्त्र माझ्या वर्गात ऐकू येई. पत्र्याखालच्या कैच्यांना जुनी सरकी-रुई चिकटून राहिली होती. वारा सुटला की तिचे पुंजके मुलांच्या वह्यांवर पडत. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेला भाव, खरेदी केंद्राबाहेर आठ-आठ दिवस उभ्या बैलगाड्या, आणि सकाळचं वर्तमानपत्र उघडायची भीती. अशा दिवसांत आमच्या भागात एक गोष्ट मात्र वाढत होती, ती म्हणजे कॉलेजं. ज्यानं कधी शाळेची पायरी पाहिली नाही तो बापही पोरांना म्हणे, ‘शेतीत काही राह्यलं नाही, बारावीच्या पुढं शिका.’ यवतमाळला खोली करून ठेवणं सगळ्यांना झेपत नव्हतं. म्हणून तालुक्यातालुक्याला, बाजारच्या गावागावाला कॉलेज उघडू लागलं होतं.

मी पुसदहून एम.ए. करून आलो होतो. तासिकेवर नेमलेला, म्हणजे जितके तास तितकाच मी कॉलेजचा. प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी मला सगळी गोष्ट समजावली.

“आपल्याकडे भूगोल नाही,” ते म्हणाले. “प्रस्ताव टाकला आहे. मुलं दिसली की परवानगी येते. परवानगी आली की जागा येते. जागा आली की तुम्ही येता. आता तुम्ही कुठून सुरुवात करायची ते तुम्हीच पाहा.”

मी मुलांपासून सुरुवात केली. जूनच्या उन्हात सायकलवर खेडी आणि तांडे पालथे घातले. बारावी झालेल्या प्रत्येकाच्या दारात जाऊन बसलो, पाणी प्यालो, आणि भूगोल किती चांगला विषय आहे ते सांगितलं. त्यात खोटं काही नव्हतं. खोटं एका प्रश्नाच्या उत्तरात होतं. कोणी ना कोणी विचारायचंच, “पण हा विषय तुमच्या कॉलेजात आहे ना जी?” आणि मी म्हणायचो, “आहे. मंजुरी आली आहे, फक्त कागद यायचा आहे.”

एका तांड्यावर हाच प्रश्न एका मुलीच्या वडिलांनी विचारला. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बारावीत तालुक्यात तिचं नाव घेतलं गेलं होतं. आई आत भाकरी थापता थापता बंजाऱ्यांच्या गोरबोलीत काहीतरी बोलली, तर ती हसून “थांब ना याडी” म्हणाली. वडील माझ्याकडे वळले.

“मास्तर, मी साफ सांगतो. हिचे मामा लग्नासाठी मागं लागून राह्यले. मी त्याईले तीन वर्सं थांबा म्हटलं. तीन म्हंजे तीन. एक वर्स बी वाया गेलं, त मंग मले तोंड नाही. पोरगी घरी.”

“वर्ष वाया जाणार नाही,” मी म्हणालो. “माझा शब्द आहे.”

अशी अकरा नावं मी जमवली. चार मुली, सात मुलं.

माझ्या वकिलीसाठी एवढंच सांगतो, की मी एकटाच असं करत नव्हतो. आमच्या भागातली ती रीतच होती. जुलैत वर्ग सुरू करायचा आणि परवानगी मागाहून आणायची. विद्यापीठाचे निर्णय उशिरा होत. दिवाळीला, कधी संक्रांतीला ‘कार्योत्तर मान्यता’ नावाचा कागद येई आणि आधीचं सगळं त्यात पावन होई. पेरणी पावसाच्या भरवशावर करतात, तशी आम्ही विषयांची करत होतो. पण शेतकरी दुसऱ्याच्या पोरांना मातीत पुरत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सप्टेंबरात एका दुपारी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. या वर्षी भूगोल विषयास संलग्नता देता येत नाही. पूर्णवेळ शिक्षक नाही, प्रयोगशाळेचं साहित्य अपुरं, पुढील वर्षी पुन्हा प्रस्ताव सादर करावा. खाली सही, शिक्का.

“आता?” मी विचारलं.

“आता काय? चालू ठेवा. फेरविचाराचा अर्ज करतो. दर वर्षी एकदा नाही म्हणतात, मग हो म्हणतात. विद्यापीठ आहे ते, सोयरीक जुळवल्यासारखं असतं. पहिल्या दिवशी कोण हो म्हणतं?”

“मुलांना सांगायचं का?”

त्यांनी पत्र फाईलमध्ये घातलं. “सांगा ना. उद्या अकराचे अकरा इतिहासाच्या वर्गात जाऊन बसतील. मग पुढच्या वर्षी मी समितीला काय दाखवू? तुम्हाला दाखवू?”

मी त्या केबिनमधून निघालो आणि सरळ वर्गात गेलो. त्या दिवशी नकाशावर उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा शिकवायच्या होत्या. मुलं वाट बघत होती. मी खडू घेतला आणि टेकडी काढली.

तो वर्ग मी कसा विसरू? मी नंतर पक्क्या इमारतीत, पंख्याखाली, काचेच्या कपाटातल्या उपकरणांसह शिकवलं. पण तसा वर्ग पुन्हा मिळाला नाही. आमच्याकडे सरकारी पाहणीच्या नकाशाची, टोपोशीटची, एकच प्रत होती, तीही मी पुसदच्या माझ्या सरांकडून मागून आणलेली. ती जमिनीवर अंथरायची आणि अकरा जणांनी भोवती पालथं पडून पाहायची. वेचणीच्या दिवसांत निम्मे गैरहजर असत. वेचणी आटोपून संध्याकाळच्या वर्गाला येत, तर बोंडाच्या काट्यांनी बोटं चिरलेली. त्याच बोटांनी नकाशावरची रेघ धरून पुढे सरकत.

दिवाळीनंतर तांड्यावरच्या त्या मुलीनं त्या शीटवर आपली टेकडी शोधून काढली. उंचीचा आकडा होता, नाल्याची निळी रेघ होती, तांड्याचं नाव नव्हतं.

“सर, आमी नाही का याच्यात?”

“ही पाहणी जुनी आहे. तुमचा तांडा नंतर वसला असेल.”

“नंतर कुठचा? माह्या आज्याचा जन्म तिथंच झाला.” मग तिचं तिलाच हसू आलं. “जाऊ द्या. नाला त दाखवला ना बरोबर. पाणी कुठून येते तेवढं समजलं, लय झालं.”

पुढच्या आठवड्यात तिनं तांड्याचा स्वतः नकाशा करून आणला. पावलांनी अंतर मोजलेलं, पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळीनं चढउतार काढलेला. ही नळीची युक्ती तिच्या गवंडी काकाची. मी एम.ए. झालेला माणूस, मला ती सुचली नसती. मी ती वही हातात धरून उभा होतो. माझ्या खिशात त्या विषयाला परवानगी नसल्याचं पत्र नव्हतं, ते प्राचार्यांच्या कपाटात होतं. पण ते मला खिशातच असल्यासारखं टोचलं. तरी मी बोललो नाही.

डिसेंबरात परीक्षेचे अर्ज गेले. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात विद्यापीठाचा आक्षेप आला: खालील अकरा परीक्षार्थींनी भरलेल्या विषयास आपल्या महाविद्यालयाची संलग्नता नसल्याने अर्ज स्वीकारता येत नाहीत. फेरविचाराचा अर्ज प्राचार्यांनी केलाच नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मला बरं नाही.”

मी पहाटेच्या एसटीनं विद्यापीठात गेलो.

तोवर मी विद्यापीठ म्हणजे पदवीच्या कागदावरचं नाव एवढंच समजत होतो. आमच्या जिल्ह्यांसाठी जुन्या विद्यापीठातून फुटून हे वेगळं झालं होतं आणि मी इथलाच पदवीधर होतो. पण म्हणजे काय, तर पुसदच्या कॉलेजात बसलो होतो आणि परीक्षा दिली होती. आता पहिल्यांदाच मी त्या लांब व्हरांड्यातून चाललो. दोन्ही बाजूंनी खोल्या आणि प्रत्येक खोलीत गठ्ठ्यांचे डोंगर. गठ्ठ्यांवर गावांची नावं. वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, आणि पाच जिल्ह्यांतली अशी गावं जी मी नकाशात पाहिली होती पण तिथे कॉलेज असेल असं मनात आलं नव्हतं. मला त्या व्हरांड्यात एकाएकी समजलं, की मार्चमधल्या एका सकाळी त्या सगळ्या गावांत एकाच वेळी एकच पाकीट फुटतं. शहरातल्या दगडी कमानीच्या कॉलेजात आणि आमच्या गोदामात तोच प्रश्न वाचला जातो. आमच्या तांड्यावरची पोरगी आणि शहरातल्या वकिलाची पोरगी त्या तीन तासांपुरत्या एकाच बाकावर असतात. माझे पाय क्षणभर थांबले. देवळात पहिल्यांदा गाभाऱ्यासमोर आल्यावर लहानपणी व्हायचं, तसं झालं.

संलग्नता विभागात निवृत्तीला आलेले एक अधीक्षक होते. अंगात स्वेटर, कानाला मफलर, समोर पितळी पेला. मी कॉलेजचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच कॉलेजचा क्रमांक सांगितला आणि वर म्हणाले, “गोदामवालं.”

“तुम्ही आला होता सर?”

“मी इथून कुठं हलत नाही. समितीनं लिहिलं होतं, छतातून कापूस पडते म्हणून.” ते हसले. “बसा. काय झालं?”

मी आक्षेपाचं पत्र पुढे केलं आणि बोलायला लागलो. आमचं कॉलेज, आमची मुलं, मागास भाग. त्यांनी हात वर केला.

“एक सांगा प्राध्यापक. तुमचं कॉलेज म्हणजे काय?”

मला प्रश्न कळला नाही. “म्हणजे इमारत, प्राचार्य, विद्यार्थी…”

“नाही जी.” ते उठले. मागच्या कपाटातून दोन्ही हातांनी एक रजिस्टर काढलं. लहान मूल उचलावं तसं छातीशी धरून आणलं आणि टेबलावर उघडलं. कापडी बांधणी, पानांच्या कडा तपकिरी. “हे तिकडून आलं, जुन्या विद्यापीठातून. वाटण्या झाल्या तेव्हा ट्रकात घालून आणलं. मी बी त्याच ट्रकात आलो, ड्रायव्हरजवळ बसून. ताडपत्री उडून राह्यलती म्हून वाटेत दोनदा उतरलो.” पानं उलटत ते एका पानावर थांबले. ते पान नवीन होतं, मागून चिकटवलेलं. वर आमच्या कॉलेजचा क्रमांक. खाली सहा ओळी.

“मराठी. इंग्रजी. समाजशास्त्र. राज्यशास्त्र. अर्थशास्त्र. इतिहास. झालं. एवढं तुमचं कॉलेज. बाकी गोदाम.”

मी भूगोल शोधत त्या सहा ओळी पुन्हा वाचल्या.

“संलग्नता कॉलेजले नसते. विषयाले असते. एकेका विषयाले, एकेका वर्षाले. दर वर्षी पुन्हा विचारतात, आहे का मास्तर, आहेत का पोरं, आहेत का पुस्तकं. हे पाहा,” त्यांनी मागची पानं उघडली. कोणत्या तरी जुन्या कॉलेजच्या नावाखाली विषय एकाखाली एक वाढत गेले होते, चार-पाच वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. कुठे लाल शाईनं एक ओळ कापलेली. तिथे एक विषय मेला होता. कुठे दहा वर्षांनी तोच विषय पुन्हा लिहिलेला. एका कॉलेजात पाली पाच विद्यार्थ्यांवर सुरू झाली होती आणि तिथे आजवर एकदाही लाल शाई पडलेली नव्हती. मला ते पान झाडाच्या खोडातल्या वलयांसारखं दिसलं. कॉलेजं अशी वाढतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यातल्याच एकाचा नोकर होतो.

“आणि हे ठरवतं कोण?” मी विचारलं. “कुलगुरू?”

“कुलगुरू सही करतात. ठरवते तुमच्यासारखीच माणसं. अभ्यास मंडळात कोण असते? दारव्ह्याचा एक, वाशीमचा एक, अकोल्याचा एक. कॉलेजातलेच मास्तर. डबा घेऊन येतात, त्या हॉलमध्ये बसतात, भांडतात, चहा पितात आणि तेवढा वेळ त्याईचं विद्यापीठ होते. संध्याकाळी एसटी धरून घरी जातात. मंग इथं काय उरते? मी आन् हे रजिस्टर.”

मी आयुष्यात अनेक व्याख्यानं ऐकली. विद्यापीठ म्हणजे काय हे मला त्या चार वाक्यांइतकं कोणी समजावलं नाही.

मग त्यांनी दुसरं रजिस्टर ओढलं. जावक नोंदीचं. बोट ओळीवरून खाली सरकलं आणि थांबलं.

“नकाराचं पत्र सप्टेंबरात गेलं. आज जानेवारी.” चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरायले माहीत आहे?”

“हो,” मी म्हणालो.

का म्हणालो? भीती होती, लाज होती. पण खरं कारण सांगतो, त्या रजिस्टरसमोर मला लहान दिसायचं नव्हतं.

“मंग सोपं आहे,” ते म्हणाले. “विषय बदलून घ्या. या महिन्याच्या अखेरपर्यंत मुभा आहे. भूगोल काढा, तुमच्या पानावरचा एखादा घाला. प्रत्येकाचा अर्ज पाहिजे.” आणि एका कोऱ्या कागदावर त्यांनी सुंदर अक्षरात नमुना लिहून दिला: ‘मी स्वेच्छेने भूगोल या विषयाऐवजी इतिहास हा विषय घेत आहे. यामुळे होणाऱ्या परिणामांस मी स्वतः जबाबदार राहीन.’

तो कागद घेऊन मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो आणि सांगितलं, की विद्यापीठानं ऐन वेळी परवानगी नाकारली. ऐन वेळी. हे शब्द मी वापरले. मी म्हणालो, आपल्यावर अन्याय झाला. मुलं चिडली. एक जण म्हणाला, “सर, आपण मोर्चा काढू.” दुसरा म्हणाला, “बस भरून जाऊ आन् तिथंच टोपोशीट हातरून बसू.” सगळे हसले. मीही हसलो. राजूरचा एक मुलगा होता, इथे आत्याकडे राहून शिकणारा, शांत. तो म्हणाला, “पण सर, इतिहासाचं त पुस्तक बी पाह्यलं नाही. दोन महिने बी नाही राह्यले.”

“तुम्ही हुशार आहात,” मी म्हणालो. “होईल.”

अकरा कागद वाटले. अकरा जणांनी ‘स्वेच्छेने’ लिहिलं. तांड्यावरची मुलगी सगळ्यांत शेवटी उठली. सही करण्याआधी तिनं कागद नीट वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हे आमच्याच हातानं लिहा लागते काय सर?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली, आणि लिहिलं.

इतिहासाच्या सरांनी जादा तास घेतले. मी रोज त्या वर्गाबाहेर उभा राहायचो. आडभिंतीवरून सनावळ्या ऐकू येत. मार्च आला, पाकीट फुटलं, गोदामात आणि पाच जिल्ह्यांत.

निकाल जूनच्या मध्यात आला. सात पास, चार नापास. चौघंही इतिहासात गेले होते, आणि इतिहासाच्या धास्तीनं आणखी एकेका विषयात. राजूरचा त्यांत होता. तांड्यावरच्या मुलीला इतिहासात एकोणसाठ होते. अकरातच काय, अख्ख्या वर्गात सर्वांत जास्त. जे जुलैपासून इतिहास शिकत होते त्यांनाही तेवढे नव्हते.

गुणपत्रिका न्यायला ती आली तेव्हा कार्यालयात मी एकटाच होतो. मी म्हणालो, “तू तर कमाल केलीस. दोन महिन्यांत.”

“दोन महिन्यांत कुठं सर?” ती म्हणाली. “दिवाळीपासून वाचून राह्यलतो मी.”

मला समजलं नाही.

तिनं गुणपत्रिकेची घडी केली, पुन्हा उघडली. “शिष्यवृत्तीच्या सहीले आलतो ना मी. प्राचार्य सरायच्या टेबलावर फाईल उघडी होती. वाचलं. तवापासून माहीत होतं.”

“मग तू…” मी म्हणालो. “मग भूगोलाच्या वर्गात काहून बसत होतीस?”

“मले भूगोल शिकाचा होता,” ती म्हणाली. जणू दुसरं काही उत्तर असूच शकत नव्हतं.

मी खुर्चीवर बसलो. ती उभी. सप्टेंबर ते जानेवारी मी रोज तिच्यासमोर उभा राहून सगळं सुरळीत असल्याचं नाटक केलं होतं, आणि ती दिवाळीपासून रोज ते पाहत समोच्च रेषा काढत होती. जिला पास होण्यासाठी त्या वर्गाचा काही उपयोग नव्हता, तिनं तांडा पावलांनी मोजला होता. मी तोवर ज्ञानासाठी ज्ञान वगैरे भाषणात ऐकलं होतं. ते माणसाच्या रूपात, प्लॅस्टिकच्या चपला घालून समोर उभं राहिलेलं मी त्या दिवशी पाहिलं, आणि माझी मान वर होईना.

“मले एक सांगाचं होतं,” ती हळूच म्हणाली. “मी बाकीच्याईले सांगतलं नाही. सांगतलं असतं त सगळे उठून गेले असते, वर्ग बंद झाला असता. म्हून मी चूप राह्यलो. आता थे चौघं…” तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “माह्यामुळं झालं ना सर?”

एकोणीस वर्षांची मुलगी. माझं पाप तिनं आपल्या पदरात बांधून घेतलं होतं आणि आठ महिने एकटी वागवत होती.

“नाही,” मी म्हणालो. “तुझ्यामुळं नाही. माझ्यामुळं. मला सप्टेंबरपासून माहीत होतं.”

“थे त मले माहीत हाय,” ती म्हणाली. “पण त्याईले माहीत नाही ना.”

त्या वाक्यानंतर त्या चौघांना जाऊन सांगण्यावाचून माझ्यापुढे दुसरा रस्ता राहिला नाही. गोष्ट अशी झाली, की त्याच महिन्यात भूगोलाला परवानगी आली. समितीनं शेऱ्यात लिहिलं होतं, विषयाला विद्यार्थ्यांचा प्रतिसाद उत्तम. ते विद्यार्थी म्हणजे हेच अकरा. त्यांच्या नावावर माझी जागा झाली. मी आजही त्याच जागेवर आहे.

चौघांपैकी तिघांकडे मी गेलो. एकीचं लग्न ठरलं होतं, तिच्या आईनं मला चहा दिला आणि “आता काय त्याचं” म्हणाली. दुसऱ्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. चौथा आमच्याच गावात पानठेला चालवत होता. त्याच्यासमोरून मी वर्षानुवर्षं गेलो, पण थांबलो नाही. हे मी इथे लिहितो आहे, ते क्षमा मिळावी म्हणून नाही, तर मी धाडसी होतो असं कोणाला वाटू नये म्हणून.

राजूरला मी दुपारी पोहोचलो. कोळशाच्या धुळीनं रस्ता काळा आणि झाडं राखाडी. घराच्या दारावर निळा रंग, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिला ताजा हार. वडील खाणीतून नुकतेच आले होते, तोंड धुवत होते. “जय भीम सर,” म्हणाले. “या. पोट्टा मागं हाय.” मुलगा आला. मला पाहून त्यानं मान खाली घातली. मी नापास झाल्याबद्दल रागवायला आलोय असं त्याला वाटलं.

मी सगळं सांगितलं. पत्र, तारीख, ‘ऐन वेळी’ हे शब्द, अधीक्षकांसमोरचं खोटं, ‘स्वेच्छेने’चा कागद. काहीच झाकलं नाही. वडील टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले.

मुलानं मान वर केली. मग म्हणाला, “म्हंजे मी ढ नाही?”

“नाही रे.”

“मले वाटलं, सात जण निघाले, मीच ढ आहो. आता शिकणं बस म्हटलं. परवापासून खाणीत लोडिंगले जाणार होतो बाबासंगं.”

वडील आता बोलले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “सर, तुमी शिकलेली माणसं. आमच्या पोरायनं कागदावर सही केली त तुमच्याकडं पाहून केली. कागद वाचून नाही.”

मी हो म्हणालो.

पाणी आलं. मी प्यालो. मग मी सांगितलं, की यंदा भूगोल खरंच सुरू होतो आहे. तो पुन्हा पहिल्या वर्षाला बसू शकतो. त्याचं अर्धं शिकून झालेलंच आहे. त्याला यावंसं वाटलं तर.

मुलानं वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि आत जाऊन चटई आणली. मुलगा बसला. जमिनीवर बोटानं काहीतरी रेघ काढत राहिला, मग थांबला.

“येतो मी सर,” तो म्हणाला. “पण परवानगीचा कागद अगोदर मले दाखवा. मी वाचतो, मंगच फॉर्म भरतो.”

कागद मी बरोबर आणला होता. बॅगेतून काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला, तारीख, क्रमांक, विषय, शिक्का, आणि त्याचे वडील त्याच्या खांद्यावरून वाकून, ओठ हलवत, त्याच्याबरोबर वाचू लागले. मी चटईच्या कडेला बसून ते संपायची वाट पाहत राहिलो.